गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय मुलाला घेऊन बघण्यासारखं आहे का?

तुमचं म्हणणं असं की परतीचं विमान संध्याकाळी आहे, हॉटेल सकाळीच सोडायचंय, बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आणि सासरे आहेत, तर मधले चार तास बोगमाळोच्या वाटेवरच्या त्या संग्रहालयात घालवावेत का.

आधी तिकीट नीट वाचा. विमान दाबोळीहून असेल तर जरूर जा, संग्रहालय विमानतळाच्या अगदी शेजारी आहे. मोपाहून असेल तर नाद सोडा. मोपा गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पेडण्यात. झुआरीचा पूल, पणजी, म्हापसा हे सगळं ओलांडेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागेल. दुसरं म्हणजे सोमवारी ते बंद असतं. मी वास्कोत राहते, तरी एकदा डोंबिवलीच्या पाहुण्यांना सोमवारी घेऊन गेले आणि कुंपणाबाहेरून विमानांच्या शेपट्या दाखवून परत आणलं. अजून ऐकवतात.

आता खरं सांगते, नुसतं गेलात तर वीस मिनिटांत बाहेर याल. मोकळं मैदान आहे, त्यात विमानं आणि हेलिकॉप्टरं उभी, समोर चार ओळींची पाटी. लोक येतात, पंख्यापाशी उभं राहून फोटो काढतात, समुद्रावर जातात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असल्यामुळे त्यांना पुन्हा पुन्हा रंग चढवावा लागतो, त्यामुळे लांबून ती थोडी खेळण्यातली वाटतात. म्हणून जवळ जायचं आणि वाकून खालून बघायचं.

मुलाला आत शिरताच एक काम द्या: कुठल्या विमानाच्या शेपटीखाली आकडा, म्हणजे अंक नव्हे, हुक आहे, शोध. विमानवाहू नौकेवर उतरायचं तर धावपट्टी म्हणून आपली अख्खी जुनी नौका विक्रांत जेमतेम २१३ मीटर, त्यातलाही तुकडाच वाट्याला येणार. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमान खाली येताना हा आकडा सोडतं, तो तारेत अडकतो आणि विमान काही सेकंदांत जागच्या जागी थांबतं. अडकला नाही तर पुन्हा उडायचं, म्हणून टेकताना इंजिन कमी नाही, जोरात ठेवतात. हे मुलाला सांगून बघा, तो तिथून हलणार नाही.

आकडा सापडेल आलिझे आणि सी हॉक या दोघांना. दोन्ही १९६१ पासून विक्रांतवर होती. सी हॉक हे छोटं ब्रिटिश जेट. त्याच्या पंखाला मधेच एक सांधा दिसेल, नौकेच्या पोटात मावावं म्हणून पंख तिथून वर दुमडायचा. १९७१ च्या ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ला केला तो यांनीच. आलिझे फ्रेंच, पाणबुड्या शोधणारं. त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली निघायचा, हवा तेव्हा बाहेर आणि उतरताना आत. पंखांखाली जे दोन जाड फुगवटे आहेत त्यात चाकं जायची आणि पुढच्या भागात पाण्यात टाकायची ध्वनियंत्रं. माझी आठ वर्षांची भाची हे बघायला सरळ त्याच्याखाली उताणी झोपली. रखवालदार धावत आला, मला वाटलं ओरडणार; तर म्हणाला, ताई, तिला उठवा, तिथे मुंगळे आहेत. त्या युद्धात एक आलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ जेटने पाडलं. आत तिघे होते. हे भाचीला तेव्हा सांगितलं नाही.

मग मुलाला सी हॅरियरपाशी न्या. हेही नौकेवरचंच, पण आकडा नाही. का नाही, त्याला डोकं लढवू दे. उत्तर विमानाच्या कुशीत आहे: दोन्ही बाजूंना दोन-दोन फिरती तोंडं. पुढच्यांतून थंड हवा, मागच्यांतून इंजिनाचा गरम झोत. ती खाली वळवली की विमान हवेत तरंगतं आणि उभंच्या उभं उतरतं, मग आकडा कशाला? मुख्य चाकं पोटाखाली एका ओळीत, सायकलसारखी, म्हणून कलंडू नये यासाठी पंखांना बारकी चाकं आहेत. ही विमानं १९८३ मध्ये आली ती याच दाबोळीला, आणि ११ मे २०१६ ला निरोपही इथेच झाला.

सासऱ्यांसाठी मैदानातलं सगळ्यात मोठं विमान. चार पंखे, माशासारखं बाकदार अंग आणि एका उंच शेपटीऐवजी तीन बुटक्या, हँगरच्या दारातून जाव्यात म्हणून. हे लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन. हे आधी एअर इंडियाकडे होतं आणि त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळची राणी! प्रवासी वाहून झाल्यावर ती हवाई दलाकडे गेली, समुद्रावर टेहळणी करू लागली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. मी गेले तेव्हा दार बंद होतं, आत चढता आलं नाही. याची रुखरुख आहे.

याच जातीच्या विमानाचा दाबोळीशी आणखी एक संबंध आहे. गोवामुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या आपल्या हवाई दलाच्या १२ कॅनबेरा बाँबफेकी विमानांनी या धावपट्टीवर बाँब टाकले. पोर्तुगिजांची दोन विमानं तिथे उभी होती, त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. ती अखंड हाती यावीत म्हणून आपल्या वैमानिकांनी त्यांना धक्का लावला नाही. रात्री पोर्तुगिजांनी त्याच फुटक्या धावपट्टीवरून दोन्ही उडवून नेली. सासऱ्यांना हे राणीच्या सावलीत उभं राहून सांगा. तिथे सावली तेवढीच आहे.

सीलँडकडे मात्र दुर्लक्ष करू नका. जाडं, बेढब, पोट होडीचं, पाण्यावरही उतरायचं. १९५३ मध्ये कोचीला आलेली सीलँड ही आपल्या नौदलाची पहिली विमानं, आणि आज जगात मोजकीच उरली आहेत. हेलिकॉप्टरं मुलाच्या मर्जीप्रमाणे बघा. आतल्या इमारतीत इंजिनं, बाँब, टॉर्पेडो आणि नौकांच्या प्रतिकृती आहेत. उन्हाचा कडाका झाला की आत शिरा. मी विक्रांत शाळेच्या सहलीत मुंबईला खरी बघितलेली, तळव्यांना चटके बसले होते. पुढे ती मुंबईतच, दारूखाना भागात जहाजं तोडतात तिथे तोडली आणि तिचं पोलाद बजाजने मोटरसायकलीत वापरलं. मावसभावाकडे ती गाडी आहे, मायलेजबद्दल कुरकुरतो.

जायचं तर दार उघडताच. दुपारी बारा ते तीन तिथे उभं राहवत नाही, टोप्या आणि पाणी घ्याच. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी डोक्यावरून मिग-२९के गेलं तर मुलाला सांगा शेपटीखाली बघ, त्यालाही आकडा असतो. टॅक्सी सोडून देऊ नका, भाडं आधीच ठरवा आणि सामान तिच्यातच राहू द्या. परत जाताना त्या रस्त्यावर रिकामी गाडी सहज मिळत नाही.