सीएनसी राउटरच्या पॅनेलवरची बटणे जीआरबीएलला कशी जोडावीत?

आपला प्रश्न असा आहे की, आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएल (मशीनच्या मोटारी चालवणारे सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या सीएनसी राउटरला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या मशीनला, सुरू, थांबा आणि रिसेट ही तीन बटणे जोडली, ती दाबल्यावर नीट चालतातही, पण स्पिंडल (पाते फिरवणारी मोटार) सुरू होताच मशीन आपोआप का थांबते. आणि लाल आपत्कालीन बटणही रिसेटच्याच पिनला जोडले तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो सुरक्षिततेचा आहे: केवळ तेवढ्यावर भागवू नका. बोर्डाच्या ए० या पिनवरचे रिसेट म्हणजे कंट्रोलरला केलेली विनंती आहे, आणि ज्या क्षणी आपण घाबरून ते बटण दाबाल त्या क्षणी कंट्रोलर ती ऐकण्याच्या स्थितीत असेलच असे नाही. आपत्कालीन बटण दाबल्यावर अडकून राहणारे असावे, आणि त्याचा नेहमी जोडलेला राहणारा संपर्क मोटारींची व स्पिंडलची वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलशी एकसरीत जोडावा, म्हणजे एखादी तार तुटली तरी मशीन बंदच पडते. बटण पुन्हा वर ओढल्यावर वीज आपोआप परत येऊ नये, यासाठी कॉन्टॅक्टरला स्वतंत्र चालू-बटण आणि स्वतःला धरून ठेवणारा संपर्क द्यावा. त्याच बटणाचा दुसरा संपर्क ए०ला दिला तर कंट्रोलरलाही घडलेले कळते. मात्र वीज तोडल्यावरही स्पिंडल काही वेळ फिरतच राहतो, हे विसरू नका. मुख्य विजेच्या कामाची सवय नसेल तर एवढा भाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावा.

आता बटणांकडे वळू. जीआरबीएलमध्ये ए० रिसेटला, ए१ थांबण्याला आणि ए२ सुरू करण्याला दिलेली आहे, आणि प्रत्येक बटण पिन व ग्राउंड यांच्यामध्ये बसते. पिन एरवी ५ व्होल्टवर धरून ठेवण्याचे काम चिपमधला पुल-अप रोधक करतो, पण तो २० ते ५० किलोओहमचा असल्यामुळे तारेतून जेमतेम पाव मिलीअँपिअर प्रवाह जातो. इतक्या दुबळ्या आधारावर लांब तार अँटेनासारखी वागते आणि स्पिंडलच्या ड्राइव्हचा (वेग नियंत्रकाचा) विद्युत गोंगाट कंट्रोलरला बटण दाबल्यासारखाच भासतो. माझ्या मशीनवर बटणांच्या तारा स्पिंडलच्या केबलला बांधलेल्या होत्या. स्पिंडलने वेग घेतला की स्क्रीनवर ‘होल्ड’ उमटत असे आणि मी बराच काळ प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो. तारा पिनवरून काढून पाहिल्या तेव्हा थांबणे बंद झाले. हीच तपासणी आपणही आधी करून पाहा.

मी त्यानंतर प्रत्येक पिनपासून ५ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा बाह्य रोधक आणि पिनपासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बोर्डाच्या अगदी जवळ बसवला. या जोडीचा कालस्थिरांक (प्रतिसादाला लागणारा वेळ) सुमारे अर्धा मिलिसेकंद येतो, म्हणजे व्होल्टेजचे क्षणिक झटके गिळले जातात आणि बोटाने दाबलेले मात्र लगेच कळते. तारा शील्ड (धातूचे आवरण) असलेल्या घेऊन ते शील्ड केवळ कंट्रोलरच्या बाजूला ग्राउंड केली आणि त्या स्पिंडलच्या केबलपासून दूर नेल्या. एवढे करूनही त्रास राहिला तर ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे संकेत पोहोचवून दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) वापरावा.

जोडणी बरोबर आहे का हे पाहण्यासाठी बटण दाबून धरावे आणि संगणकावरून जीआरबीएलला प्रश्नचिन्ह (?) पाठवावे, जीआरबीएल १.१च्या उत्तरात ‘पीएन’ (Pn) या खुणेपुढे रिसेटसाठी आर, थांबण्यासाठी एच आणि सुरूसाठी एस ही इंग्रजी अक्षरे दिसतात. बटण न दाबताच अक्षर दिसत असेल तर तार ग्राउंडला टेकली आहे, किंवा आपण नेहमी जोडलेल्या संपर्काचे बटण लावले आहे.

कामाच्या मध्ये सहज थांबायचे असेल तर थांबा हेच बटण वापरावे, कारण त्यात मशीन वेग हळूहळू कमी करून थांबते, जागेचा हिशेब टिकतो आणि सुरू दाबताच काम पुढे चालते. स्पिंडल मात्र फिरतच असतो, म्हणून तेव्हा पात्याजवळ हात नेऊ नये. मशीन हलत असताना रिसेट दाबल्यास ते अलार्ममध्ये जाते, जागेची खात्री उरत नाही आणि पुन्हा होमिंग (मशीनला मूळ जागी नेऊन जागा नव्याने ठरवणे) करावे लागते.