आकडे बरोबर, जिल्हा वेगळा

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकसंख्येवर प्रकल्प होता. तिने लिहिलं, ‘१९७१ मध्ये सुमारे २० लाख, २०११ मध्ये १६ लाख, म्हणजे चार लाख माणसं मुंबईला गेली.’ बाईंनी ‘माहिती तपास’ असा शेरा मारून वही परत दिली. आम्ही पाहिलं तर दोन्ही आकडे बरोबर निघाले. मग चुकलं कुठे? आणि ही ‘माहिती साक्षरता’, म्हणजे माहिती शोधून पारखून घेणं, मुलांच्या कितपत कामाची?
— एक पालक, देवरुख

उत्तर : आकडे बरोबर आहेत, पण ते एकाच जिल्ह्याचे नाहीत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९७१ चा आकडा अखंड जिल्ह्याचा आहे. २०११ चे रत्नागिरीचे १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गचे ८,४९,६५१ एकत्र केले तर २४,६४,७२० होतात. म्हणजे त्याच मुलखात साडेचार लाखांहून अधिक माणसं वाढली!

घट झालीच नाही, असंही नाही. २००१ मध्ये रत्नागिरीत १६,९६,७७७ लोक होते. पुढच्या दहा वर्षांत ८१,७०८ कमी झाले. हद्द तीच, मोजणारं जनगणना खातंही तेच, म्हणून ही तुलना चालते. पण ‘मुंबईला गेली’ हे यावरून ठरत नाही. लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तिन्हींनी बदलते. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया आहेत, हा पुरुष कामासाठी बाहेर असल्याचा धागा मानता येईल. पुरावा हवा तर जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते उघडावे लागतील.

मुलीला एक सवय लावा. कुठलाही आकडा उतरवताना शेजारी चार गोष्टी लिहायच्या : कोणत्या वर्षाचा, कोणत्या हद्दीचा, कोणी मोजला, कुठल्या पानावर मिळाला. चारांपैकी एक रकाना रिकामा राहिला तर तो आकडा प्रकल्पात घ्यायचा नाही. पुढे शिष्यवृत्तीची अट वाचताना किंवा कॉलेजची मागच्या वर्षीची कट-ऑफ बघताना हेच प्रश्न कामी येतात. २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका जनगणनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिच्यात गाववार आकडे आहेत, त्यामुळे संगमेश्वर तालुक्यातलं आपलं गावही तिला सापडेल.

मराठीत शोधताना एक अडचण हमखास येते. अवतरणचिन्हांत ‘रत्नागिरी जिल्हा लोकसंख्या’ टाकलं की ‘रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या’ असं लिहिलेली पानं निसटतात, कारण विभक्तीने शब्दाचं रूप बदलतं. म्हणून आधी अवतरणचिन्हांशिवाय शोधावं, मग दोन्ही रूपं वेगवेगळी टाकून पाहावीत.

प्रश्न : एआयला विचारलं की नीट मराठीत उत्तर मिळतं. मग पुस्तकं कशाला उघडायची?
— अकरावीची विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : भाषा नीट असली म्हणजे मजकूर खरा असतोच असं नाही. ‘सिंधुदुर्गची स्थापना कधी?’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत : किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, जिल्हा १९८१ चा. तू किल्ला म्हणालीस की जिल्हा, हे यंत्र अंदाजाने ठरवतं. म्हणून प्रश्नातच ‘जलदुर्ग’ किंवा ‘जिल्हा’ लिही. संदर्भ मागितलास तर कधी कधी ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं नावही देतं. ते नाव आधी ग्रंथालयाच्या यादीत शोध. तिथे मिळालं तर दिलेलं पान उघडून ते वाक्य खरंच आहे का ते बघ, आणि मगच वहीत उतरव.