या वेळी ‘येते’ म्हणू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परदेशातलं तुझं सेमिस्टर संपत आलं. तुझा रात्री पावणेतीनचा मेसेज सकाळी वाचला. त्यात तीन गोष्टी होत्या. सात दिवसांत चार शहरं बसवलेला तक्ता. मग ‘कधी एकदा घरी जाते असं झालंय आणि इथून पायही निघत नाही, मला झालंय तरी काय?’ हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं, समोरच्या खोलीतल्या मुलीशी महिनाभर बोलणं नाही, ‘आता काय, जाऊ दे.’

पहिल्या दोन गोष्टी मी पटकन उरकतो. पत्र लिहायला बसलो तो तिसरीसाठी.

तक्ता फाडून टाक. ती चारही शहरं दहा वर्षांनीही जागेवर सापडतील. तुमचं मजल्यावरचं स्वयंपाकघर मात्र पुढच्या सोमवारी संपलं. भिंती राहतील, ओटा राहील, पण तुम्ही सहाजणं सहा दिशांना गेलेली असाल. एका सेमिस्टरसाठी गेलेल्यांचं हेच वेगळं असतं. पूर्ण पदवीला गेलेला माणूस निघतो तेव्हा मागे काहीतरी उरतं, निदान निरोप द्यायला कुणी थांबलेलं असतं. तुमची सगळी टोळीच एका आठवड्यात उधळते. परत जायचं म्हटलं तरी जाणार कुणाकडे?

दुसरा प्रश्न. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने 1955 साली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांवर निबंध लिहिला. त्यात सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधले लोक जास्त कुरकुरत होते. सुरुवात बरी, मध्ये खड्डा, मग पुन्हा चढ, अशा त्याच्या वक्ररेषेवर पुढच्या संशोधकांनी पुष्कळ शंका घेतल्या, पण मला तो मधला खड्डा पटतो. तू पाचच महिने राहून निघते आहेस. खड्डा लागायच्या आत. म्हणून ते गाव एवढं गोड वाटतंय. 1963 मध्ये गलाहॉर्न दांपत्याने ती रेषा पुढे वाढवली आणि घरी परतल्यावर तसाच दुसरा उतार असतो असं मांडलं. तेव्हा घरी पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांवर खेकसायला लागलीस तर घाबरू नकोस. तुला काही झालेलं नाही. झालं?

आता मुद्द्याचं. आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. मला ही रीत फार आवडते आणि याच रीतीने मला आयुष्यभर पळपुटा केलं. ‘येतो’ म्हटलं की निरोपाचं काम टळतं. तिथल्या भाषेतही ‘पुन्हा भेटूच’ असतं, तेही त्याच कामाला येतं. तू या आठवड्यात ‘येते’ म्हणू नकोस. ‘जाते’ म्हण. समोर उभं राहून, तोंडाने.

मी ते म्हटलं नाही. मीही तुझ्यासारखाच परदेशी शिकायला गेलो होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. आमचं बिनसलं ते एका करपलेल्या पातेल्यावरून. ते त्याने करपवलं होतं, हे मी आजही सांगेन. तीन आठवडे आम्ही एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून कॉफी केली. निघालो त्या दिवशी माझी गाडी पहाटेची होती. साडेचारला कुणाला उठवणं बरं दिसत नाही. आणि आधीच्या रात्री माझी बॅग तेवीस किलोच्या वर जात होती, मी त्या गडबडीत होतो. हे सगळं खरं आहे. फ्रीजवर चिठ्ठी लावली, ‘पुन्हा भेटूच.’ फळीवरची माझ्या नावाची चिकटपट्टी ओढली, ती निम्मीच निघाली. नावाची पहिली दोन अक्षरं तिथेच राहिली. किल्ली पाकिटात घालून ऑफिसच्या पेटीत टाकली. पेटी रिकामी असावी, किल्ली तळावर आपटल्याचा आवाज जिन्यापर्यंत आला.

दोन महिन्यांनी गुणपत्रक पोस्टाने आलं. सोबत लायब्ररीची एक पावती. एक पुस्तक परत करायचं मी विसरलो होतो, आणि लायब्ररीचं देणं राहिलं की तिथे गुणपत्रक अडकायचं. पुस्तक कुणीतरी जमा केलं होतं, दंडही भरला होता. खाली सही त्याची.

मी त्याला लिहिलं नाही. शब्द सुचत नव्हते असं बरीच वर्षं सांगत आलो. शब्द सुचले होते, पत्र तीनदा लिहून झालं होतं. पत्ताही होता. पण इतक्या उशिरा पाठवलं तर तो काय म्हणेल, असं करत आणखी उशीर केला. तुला वाटेल एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं. वाटू दे. वर्गात शिकलेलं मी जवळजवळ सगळं विसरलो, सही आठवते.

म्हणून सांगतो, ‘जाते’ म्हण. प्राध्यापकांना ईमेल धाडू नकोस, त्यांच्या भेटीच्या वेळेत जा आणि दोन मिनिटांत बाहेर पड. लायब्ररीच्या काउंटरवरच्या बाईंना सांग. रोज बसमध्ये मान हलवणाऱ्या आजोबांनासुद्धा सांग, त्यांचं नाव माहीत नसेना का.

आणि कागदांचं काम हाही निरोपच आहे, त्यात आळस नको. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आजच उतरवून घे, कारण विद्यापीठाचा ईमेल आणि लॉगिन पुढे बंद होतात आणि इकडे क्रेडिट मोजणारे नेमकं तेच मागतात. खोलीचं डिपॉझिट बहुतेकदा तुम्ही निघाल्यावरच परत येतं. ते खात्यात पडेपर्यंत बँक खातं बंद करू नकोस. मी शेवटच्या शुक्रवारी मोठ्या शिस्तीत खातं बंद करून आलो आणि मग पाच महिने माझेच पैसे मागत बसलो. खोली तपासतील तेव्हा स्वतः हजर राहा, भिंतींचे फोटो काढून ठेव. लायब्ररीचं तर सांगायलाच नको.

आता ती समोरच्या खोलीतली मुलगी. चूक कुणाची ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. ‘ती आधी बोलली तर’ हे माझ्यापुढे काढू नकोस. पातेल्याचं मी तुला आताच सांगितलंय. भांडण मिटवायलाच हवं असंही नाही. मैत्रीच्या आणाभाका नकोत, सेल्फी तर मुळीच नको. दार वाजवायचं, ‘मी गुरुवारी जाते आहे’ एवढं म्हणायचं आणि ती काय म्हणते ते ऐकेपर्यंत उभं राहायचं. तिने दार लावून घेतलं तरी चालेल.

बुधवारी रात्री नको, सामानाच्या नादात राहून जातं. आज जा. झोपली असेल तर उठव.