मॅच नका शोधू, अख्खा एपिसोड बघा : टेरिटरी रेसलिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या टेरिटरी रेसलिंगचा नुसता उल्लेख केला होता आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण बरेच प्रश्न एकसारखे होते त्यामुळे तुमचं पत्र इथे दिसलं नाही तरी उत्तर बहुतेक सापडेल.

प्र. आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळत मोठे झालो, अंडरटेकर, ब्रेट हार्ट वगैरे. आता त्याच्या आधीचं, सत्तर-ऐंशीच्या दशकातलं बघायला घेतलंय पण खरं सांगू का, बोअर होतंय. मॅच दोन मिनिटांत संपते आणि मग नुसती बडबड. मी काही चुकीचं बघतोय का? (एक वाचक, सांगली)

बघताय ते बरोबरच आहे, फक्त तुम्ही त्यात मॅच शोधताय आणि ते कार्यक्रम मॅच दाखवायला बनवलेलेच नव्हते.

थोडं मागे जाऊया. १९४८ मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर एकत्र बसले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स (एनडब्ल्यूए) नावाची संघटना झाली. समजूत अशी की हा भाग तुझा, तो माझा, एकमेकांच्या हद्दीत घुसायचं नाही. यालाच टेरिटरी म्हणायचे. मेम्फिस, अटलांटा, डॅलस, शार्लट, टॅम्पा, पोर्टलंड, सेंट लुईस, वर कॅनडात कॅलगरी, प्रत्येक ठिकाणी वेगळा मालक, वेगळे पैलवान, वेगळी चव. आणि प्रत्येकाचा लोकल चॅनलवर आठवड्याला एक तास-दीड तासाचा शो. पैसा मात्र त्या शोमधून यायचा नाही, तो यायचा हॉलच्या तिकिटांमधून. टीव्ही म्हणजे आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांआधी गावातून भोंगा लावून रिक्षा फिरते ना, तेच काम. मग मोठ्या दोघांची मॅच टीव्हीवर फुकट कोण दाखवेल? म्हणून टीव्हीवर मोठा पैलवान कुणातरी किरकोळ माणसाला दोन मिनिटांत लोळवतो आणि मग माइकसमोर येऊन सांगतो की सोमवारी हॉलमध्ये मी अमक्याचं काय करणार आहे. तुम्ही ज्याला बडबड म्हणताय तोच खरा माल आहे!

सुरुवात मेम्फिसपासून करा. शनिवारी सकाळी चॅनल ५ वर, लाइव्ह, दीड तास. छोटासा स्टुडिओ, एक टेबल, टेबलामागे कॉमेंट्री करणारे लान्स रसेल आणि डेव्ह ब्राऊन, आणि हा डेव्ह ब्राऊन त्याच चॅनलवर हवामानाच्या बातम्याही द्यायचा. सोमवारी मिड-साउथ कॉलिसियममध्ये मोठ्या मॅचेस. जेरी लॉलर तिथला राजा, आणि लॉलर बोलायला लागला की लान्स रसेलच्या चेहऱ्याकडे बघा. तो कधी ओरडत नाही, फक्त एखाद्या शेजाऱ्याने मर्यादा ओलांडल्यावर सज्जन माणूस जसा वैतागेल तसा वैतागतो आणि आपल्यालाही लगेच पटतं की काहीतरी चुकीचं घडतंय.

अँडी कॉफमनचं प्रकरण तर क्रमाने बघाच. टीव्हीवरचा नावाजलेला विनोदी नट, तो बायकांशी कुस्ती खेळून स्वतःला चॅम्पियन म्हणवून घ्यायला लागला, आणि मग मेम्फिसच्या लोकांना साबण कसा वापरायचा, टॉयलेट पेपर कसा वापरायचा हे शिकवणारे व्हिडिओ पाठवायला लागला. विचार करा, लोकल चॅनलवर येऊन त्याच गावाला अडाणी म्हणणं! ५ एप्रिल १९८२ ला लॉलरने त्याला पाइलड्रायव्हर मारला, म्हणजे उलटं धरून डोक्यावर आपटलं, तो डाव तिथे बंदी असलेला म्हणून नियमाप्रमाणे लॉलर हरला, पण हॉलमध्ये कुणाला त्याचं काय पडलं होतं. मग कॉफमन मान दुखावल्याचा पट्टा गळ्यात घालून फिरायला लागला आणि जुलैमध्ये डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये लॉलरने त्याच्या थोबाडीत मारली. ही थोबाडीत तेवढी क्लिपमध्ये बघितली तर गंमत वाटेल, पण आधीचे आठवडे बघून मग तिच्यापर्यंत आलात तर अंगावर येते. म्हणून माझा सगळ्यांनाच आग्रह आहे, बेस्ट मॅचेसच्या याद्या बाजूला ठेवा, एक गाव निवडा आणि सलग काही आठवड्यांचे अख्खे एपिसोड बघा.

प्र. आम्ही खासबागेत बसून कुस्ती बघितलेली माणसं. निकाल आधी ठरलेला असेल तर ते बघायचं तरी कशाला? (एक वाचक, कोल्हापूर)

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि खासबागेतल्या कुस्तीशी याची तुलना मी करणारच नाही, तिथे जिंकतो तो खरा जिंकतो. इथे निकाल ठरलेला असतो. पण पडणारी पाठ खरी असते आणि त्या काळात ते गुपित सांभाळण्यासाठी माणसं काय काय करायची ते ऐका.

४ ऑक्टोबर १९७५, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनजवळ एक छोटं विमान पडलं. आत रिक फ्लेअर, जॉनी व्हॅलेंटाइन हे खलनायक, आणि त्यांच्याच बरोबर टिम वूड्स, जो मिस्टर रेसलिंग नावाने खेळायचा आणि लोकांचा लाडका नायक होता. नायक आणि खलनायक एकाच विमानात, हे बाहेर आलं असतं तर सगळा धंदा उघडा पडला असता. वूड्सने दवाखान्यात आपण पैलवान आहोत हे लपवलं, प्रमोटर असल्याचं सांगितलं, आणि दुखापती असूनही काही आठवड्यांच्या आत रिंगमध्ये उतरला, कारण तो विमानात नव्हताच असं लोकांना दिसायला हवं होतं. व्हॅलेंटाइनचं करिअर तिथेच संपलं. फ्लेअरच्या पाठीला तीन ठिकाणी फ्रॅक्चर होतं, आता विसर म्हणाले होते डॉक्टर, आणि पुढच्या वर्षी तो परत खेळत होता. पायलटचा नंतर मृत्यू झाला. हे सगळं माहीत असून मी त्या माणसांना खोटं म्हणू शकत नाही.

आणि खरी कुस्ती येणारे तिथे कमी नव्हते. जॅक ब्रिस्को १९६५ चा अमेरिकन कॉलेज कुस्तीचा राष्ट्रीय विजेता होता आणि पुढे एनडब्ल्यूएचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. या वर्ल्ड चॅम्पियनचं काम मला फार आवडतं. तो एका गावचा नसायचा, सगळ्या टेरिटरीत फिरायचा, प्रत्येक गावात तिथल्या हिरोबरोबर खेळायचा आणि कधी कधी पूर्ण ६० मिनिटं खेळून मॅच बरोबरीत सोडवायचा. गावकऱ्यांना वाटलं पाहिजे की आपला माणूस जवळजवळ वर्ल्ड चॅम्पियन झालाच होता, थोडक्यात हुकलं. म्हणजे चॅम्पियनने स्वतः मोठं दिसायचं नाही, समोरच्याला मोठं करून जायचं. रोज वेगळा गाव, वेगळा माणूस, कुणी चांगला खेळणारा कुणी बेताचा, आणि दरवेळी हे जमवायचं. पुढे फ्लेअरही असाच वर्ल्ड चॅम्पियन होता, त्याच्या जुन्या मॅचेस बघताना एवढं लक्षात ठेवा, मग निकालाचा प्रश्न तुम्हाला स्वतःलाच फारसा पडणार नाही.

प्र. ब्रेट हार्टचं जुनं काही? (एक वाचक, चिपळूण)

कॅलगरीचं स्टॅम्पीड रेसलिंग. त्याचे वडील स्टू हार्ट यांची टेरिटरी, घराच्या तळघरात तालीम, तिला डंजन म्हणायचे. कॉमेंट्रीला एड व्हेलन, नाकातला आवाज, एकदा ऐकलात की विसरणार नाही.

प्र. फॉन एरिक भावांबद्दल वाचलं आणि आता ते जुने एपिसोड लावायला मन होत नाही. पुढे काय झालं हे माहीत असताना कसं बघायचं? (एक वाचक, पुणे)

मला या पत्राचं उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डॅलसमध्ये फ्रिट्झ फॉन एरिक नावाच्या पैलवान-प्रमोटरची वर्ल्ड क्लास नावाची टेरिटरी होती आणि त्याची मुलं तिची हिरो, केव्हिन, डेव्हिड, केरी, नंतर माइक आणि ख्रिस. टेक्ससमध्ये ही पोरं रॉक स्टारसारखी होती, स्पोर्टॅटोरियम नावाच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मुली किंचाळायच्या. आणि त्यांचा टीव्ही शो बाकी सगळ्यांच्या पुढे होता, रिंगजवळ फिरते कॅमेरे, एन्ट्रीला गाणी, रिंगखालचे माइक, प्रत्येक आपटलेला आवाज घरात ऐकू यायचा. १९८२ च्या ख्रिसमसच्या रात्री केरी विरुद्ध फ्लेअर, पिंजऱ्यातली मॅच, फ्रीबर्ड्स नावाच्या टीमचा मायकल हेज रेफरी, आणि त्याच्याच टीममधल्या टेरी गॉर्डीने लोखंडी दार केरीच्या डोक्यावर आपटलं. त्या एका दारावर पुढची कित्येक वर्षं डॅलसचा धंदा चालला.

फेब्रुवारी १९८४ मध्ये डेव्हिड जपानमध्ये वारला, २५ वर्षांचा होता. ६ मे ला टेक्सस स्टेडियममध्ये केरीने फ्लेअरला हरवून वर्ल्ड टायटल जिंकलं. ते टायटल त्याच्याकडे तीन आठवडेसुद्धा राहिलं नाही. पुढे माइक, ख्रिस आणि केरी तिघांनीही आपलं आयुष्य संपवलं, शेवटचा केरी, १९९३ मध्ये. एक भाऊ तर लहानपणीच अपघातात गेला होता. सहा भावांतला केव्हिन एकटा राहिला.

जमत नसेल तर खरंच नका बघू, काही सक्ती नाही. पण बघणार असाल तर मी म्हणेन १९८२ आणि ८३ बघा आणि डेव्हिड बोलतो ते मुद्दाम ऐका. भावांमध्ये मायक्रोफोनवर बोलण्यात सगळ्यात सहज तोच होता, किंचित हसत, टेक्ससच्या हेलात, आणि वर्ल्ड चॅम्पियन होईल असं त्याच्याबद्दल म्हणायचे. त्याला फक्त शोकांतिकेतलं एक नाव म्हणून लक्षात ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, तो कामात फार चांगला होता. धाकटा भाऊ माइक परत रिंगमध्ये उतरल्यानंतरच्या काळातले, १९८६ नंतरचे एपिसोड मात्र मी कुणालाच सुचवत नाही. १९८५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर तो टॉक्सिक शॉकमधून कसाबसा वाचला होता, पोरगा बरा नाही हे स्क्रीनवर दिसतं आणि तरी त्याला रिंगमध्ये उतरवलं जातं, ते करायला नको होतं.

प्र. काही टेरिटरींचे भरपूर एपिसोड मिळतात आणि काहींचे जवळजवळ नाहीतच, असं का? (एक वाचक, नागपूर)

टेप महाग होती. दोन इंची रुंद मोठाली रिळं, शो दाखवून झाला की त्याच रिळावर पुढचं काहीतरी रेकॉर्ड करायचं. शिवाय एकच टेप एका गावच्या स्टेशनवरून दुसऱ्या गावच्या स्टेशनला फिरायची आणि शेवटी पुसली जायची. सोमवारचं तिकीट विकलं गेलं की मंगळवारी त्या एपिसोडची किंमत शून्य, जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. सेंट लुईसचं रेसलिंग अ‍ॅट द चेस १९५९ ते १९८३ चाललं, त्यातलं किती थोडं उरलंय बघितलं की जीव तुटतो. पुष्कळसं जे वाचलं ते घरी व्हीसीआर लावून रेकॉर्ड करणाऱ्या आणि टपालाने टेपांची देवाणघेवाण करणाऱ्या चाहत्यांमुळे. म्हणून चित्र हललं, रंग उडाले, मध्येच लोकल जाहिरात आली तर चिडू नका. उलट त्या जाहिराती बघाच, तो कार्यक्रम कुणासाठी होता ते त्यातून कळतं.

प्र. कृष्णवर्णीय पैलवानांना या टेरिटरींमध्ये कशी वागणूक होती? (एक वाचक, औरंगाबाद)

पुष्कळदा वाईट, पात्रं तर इतकी साचेबद्ध की आज बघताना लाज वाटते. पण न्यू ऑर्लिन्सचा जंकयार्ड डॉग जरूर बघा. बिल वॉट्सच्या मिड-साउथ टेरिटरीने ऐंशीच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या दक्षिणेत, एका काळ्या माणसाला सगळ्यांच्या वर उभं केलं, कुणाचा मदतनीस म्हणून नाही, मुख्य हिरो म्हणून. १९८० मध्ये फ्रीबर्ड्सनी त्याच्या डोळ्यात क्रीम टाकून त्याला आंधळं केलं अशी कथा होती, आणि त्याच सुमारास त्याला मुलगी झाली, म्हणजे बापाला स्वतःची लेक दिसत नाही. लोक इतके पेटले की फ्रीबर्ड्सना हॉलमधून बाहेर पडणं धोक्याचं झालं. सुपरडोममध्ये त्याची आणि मायकल हेजची मॅच, दोघांच्या गळ्यात पट्टे आणि मध्ये साखळी, का तर न दिसणाऱ्या माणसाला समोरचा सापडावा म्हणून. एवढी साधी आणि पक्की गोष्ट मी रेसलिंगमध्ये दुसरी बघितली नाही.

प्र. दारा सिंग यांचा या लोकांशी कधी संबंध आला का? (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

आला ना. एनडब्ल्यूएचा सगळ्यात मानाचा माजी चॅम्पियन लू थेझ १९६८ मध्ये मुंबईत येऊन दारा सिंगांशी खेळला होता, तुमच्या पिढीने कदाचित बघितलंही असेल, असेल तर कृपया सविस्तर लिहून पाठवा. आणि टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये पंजाबातून गेलेला टायगर जीत सिंग आणि द शेख यांची वैरं गाजली. हा शेख म्हणजे मिशिगनचा एड फारहत, डेट्रॉइट टेरिटरीचा मालकही तोच.

प्र. हे सगळं संपलं कसं? (एक वाचक, मडगाव)

केबल आली. लोकल चॅनल जिथवर पोचतो तिथवर टेरिटरी हे गणितच मोडलं. व्हिन्स मॅकमहनने १९८२ मध्ये वडिलांची न्यूयॉर्कची कंपनी, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, विकत घेतली आणि हद्दी पाळायचं सोडून दिलं. १४ जुलै १९८४ ला शनिवारी संध्याकाळी ६:०५ ला अटलांटाच्या चॅनलवर लोक नेहमीचा कॉमेंटेटर गॉर्डन सोली याची वाट बघत होते आणि समोर आला मॅकमहन, त्याने तो शोच ताब्यात घेतला होता. प्रेक्षकांनी चॅनलला फोन करकरून तक्रारी केल्या. सोलीचे त्याआधीचे एपिसोड शांतपणे ऐका, त्याच्यासारखी कॉमेंट्री परत झाली नाही, प्रत्येक पकडीचं नाव, ती कुठे दुखते, का दुखते, आवाज न चढवता.

प्र. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिच्यासोबत बघता येईल का? (एक आई, ठाणे)

सेंट लुईस बघा. चेस हॉटेलच्या बॉलरूममध्ये रिंग, सूट-टाय घातलेले प्रेक्षक, आणि तिथला प्रमोटर सॅम मचनिक याला उगाच केलेला धांगडधिंगा चालायचा नाही. मेम्फिसही बरंचसं चालेल, ती लॉलरच्या बोलण्यावर हसेल. डेट्रॉइटचा शेख आणि पोर्तो रिकोच्या मॅचेस मात्र तिला दाखवू नका. तिथे कपाळावर ब्लेडने खरंच कापून घ्यायचे आणि ते रक्त खरं असायचं.