अमेरिकेत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश कोण?

जोनाथन जॅस्पर राइट, साउथ कॅरोलिना. जन्म १८४० चा, पेनसिल्व्हेनियातला. त्या राज्यात वकिलीची सनद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. यादवी युद्धानंतर दक्षिणेत गेले आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांना कायद्याचा सल्ला देऊ लागले. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत प्रतिनिधी, मग राज्याचे सिनेटर. १८७० मध्ये विधिमंडळाने त्यांना न्यायाधीश म्हणून निवडलं, तेव्हा वय जेमतेम तीस! तीन न्यायाधीशांच्या त्या न्यायालयात ते सात वर्षं होते. १८७७ मध्ये सत्ता पुन्हा गोऱ्या डेमोक्रॅट नेत्यांकडे गेली, महाभियोगाचं संकट उभं राहिलं आणि त्यांनी राजीनामा दिला. माझ्या मते खरं कारण त्यांचा वर्ण आणि पक्ष हेच. १८८५ मध्ये चार्ल्स्टनमध्ये ते क्षयाने गेले.