धर्म म्हणजे नक्की काय, आणि देव न मानणाऱ्याला धर्म असतो का?

तुम्ही विचारलंय की आजोबा माळकरी होते, दरवर्षी वारीला जायचे, वडील सणावारी देवळात जातात, तुम्ही स्वतः देव मानत नाही आणि तरी प्रत्येक फॉर्मवर हिंदू लिहिता, मग तुमचा धर्म कुठला आणि धर्माची व्याख्या तरी काय. मोठा प्रश्न आहे, मला जेवढं कळलंय तेवढं सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. समाजशास्त्रात एम.ए. बाहेरून केलं तेव्हा धर्माच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, पण या प्रश्नाशी माझी खरी गाठ पडली ती २०११ च्या जनगणनेच्या ड्युटीवर. ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सुटली की फॉर्मचा गठ्ठा घेऊन घरोघर. त्यात सातवा प्रश्न धर्माचा होता. सहा धर्मांना आकडे दिलेले, हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६, यातला असेल तर नाव लिहून चौकटीत आकडा टाकायचा, दुसरं काही सांगितलं तर पूर्ण नाव लिहायचं आणि आकडा द्यायचा नाही. ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं की समोरचा जे सांगेल तेच लिहा, नावावरून जातीवरून अंदाज करू नका, वाद घालू नका, कुठलाच धर्म नाही म्हणाला तर तसं लिहा. तेव्हा वाटलं यात अवघड ते काय.

माझ्या वाट्याला आलेल्या भागात गावाबाहेर गोंडांची वीसेक घरं होती. एका घराला दोनदा गेलो तर कुलूप, शेजारी म्हणाले कचारगडला गेलेत, जत्रा आहे. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात गोंडांची मोठी जत्रा भरते, त्या वर्षी ती नेमकी आमच्या ड्युटीच्या दिवसांत आली होती. तिसऱ्या खेपेला म्हातारे बाबा भेटले. खाटेवर बसवलं, पाणी दिलं, मी नावं वयं विचारत गेलो आणि धर्माच्या रकान्यात न विचारताच हिंदू लिहून पुढे १ टाकला, कारण सकाळपासून तेच लिहीत होतो आणि हात आपोआप चालला. त्यांचा नातू शेजारी उभा राहून वाचत होता, तो म्हणाला, "आजा, हिंदू लिवलं." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, मले इचारलं का तुमी?"

इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य मी विसरलेलो नाही. मी माफी मागितली, लिहिलेलं कापलं आणि विचारलं. ते म्हणाले, आमचा धर्म गोंडी, कोया पुनेम. मग त्यांनी जे सांगितलं ते जरा नीट बघा. आमचा देव फडापेन, त्याला मूर्ती नाही. ऐनाच्या झाडाला आम्ही कुऱ्हाड लावत नाही. आम्ही सहा देवे, म्हणजे सहा देव मानणाऱ्या कुळांतले, आमची सोयरीक सहा देव्यांत होत नाही, सात देव्यांत होते. आमच्यात मेलेल्याला पुरतात. म्हणजे मी विचारलं धर्म काय आणि त्यांनी सांगितलं देव कोण, झाड कुठलं, मुलगी कुठे द्यायची आणि माती कशी द्यायची. "मी अमुक मानतो" असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

तुमच्या प्रश्नातली अडचण मला वाटतं इथेच आहे. तुम्ही धरून चाललाय की धर्म म्हणजे देवावरचा विश्वास, आणि विश्वास गेला की धर्म गेला. ही व्याख्या इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली आणि 'रिलिजन' या शब्दाला आपण 'धर्म' हा प्रतिशब्द दिला, तेव्हापासून एका शब्दात दोन अर्थ कोंबले गेलेत. घरात बोलताना आपण धर्म हा शब्द कसा वापरतो ते आठवा. शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा, विस्तवाचा धर्म जाळणं, एखादीला धर्माची बहीण मानणं, आणि दारावर आलेला भिकारी "धर्म कर माये" म्हणतो तेव्हा तो तुम्हाला कुठल्या देवाला मानता ते विचारत नसतो. महाभारतातलं "धारणाद्धर्ममित्याहुः" म्हणजे जो धारण करतो, समाजाला सांभाळून धरतो तो धर्म. मनुस्मृतीत धर्माची दहा लक्षणं दिलीत, धीर, क्षमा, चोरी न करणं, खरं बोलणं, न रागावणं वगैरे, त्यात देवाचं नाव नाही. (त्याच ग्रंथात शूद्रांवर आणि बायकांवर काय लादलंय तेही वाचा, म्हणजे नुसत्या लक्षणांवर भुलायचं नाही हे कळतं.)

बाहेरच्या अभ्यासकांनाही हे कोडं सुटायला वेळ लागला. टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये म्हटलं की अदृश्य आत्म्यांवर, शक्तींवर विश्वास म्हणजे धर्म. पण मग बुद्धाचं काय करायचं, तिथे तर निर्माता ईश्वरच नाही. १९१२ मध्ये फ्रान्सच्या दुर्खीमने देवाला बाजूला ठेवलं आणि म्हटलं की काही गोष्टी पवित्र मानायच्या, त्यांच्याभोवती श्रद्धा आणि विधी असायचे, आणि त्यातून माणसांचा एक समूह बांधला जायचा, हा धर्म. ही व्याख्या त्या म्हाताऱ्या बाबांच्या अंगणात बरोब्बर बसते. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९५४ मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की धर्माला देव लागतोच असं नाही, बौद्ध आणि जैन हे देव न मानणारे धर्म आपल्याकडेच आहेत, आणि धर्मात नुसती तत्त्वं नाहीत तर विधी, पूजा, अगदी खाण्यापिण्याचे आणि कपड्यांचे नियमसुद्धा येऊ शकतात. तेव्हा देव न मानणाऱ्याला धर्म असतो का याचं सरळ उत्तर असतो, असू शकतो.

आता दुसरं घर सांगतो. एका ताईंकडे गेलो तर मी पेन उघडायच्या आतच म्हणाल्या, "बौद्ध लिहा सर, नवबौद्ध नाही, बौद्ध." त्या हट्टामागे काय आहे ते मला तेव्हाही कळलं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, मधे एकवीस वर्षं. एवढा काळ त्यांनी सगळे धर्म तपासले आणि मग निवडला. १९५१ च्या जनगणनेत देशभरात बौद्ध दोन लाखांच्या आत होते, १९६१ मध्ये ३२ लाखांच्या वर गेले. त्या ताईंच्या सासऱ्यांनी किंवा आजोबांनी त्या आकड्यात स्वतःला मोजून घेतलेलं असणार. बाबासाहेबांनी रिलिजन आणि धम्म यात जो फरक केला तो मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतो. त्यांचं म्हणणं होतं की रिलिजन ही ज्याची त्याची खासगी गोष्ट मानतात, धम्म मात्र सामाजिक आहे, माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकत्र आली की धम्म लागतोच, कारण ती एकमेकांशी कशी वागणार हा प्रश्न उभा राहतो.

आणि फॉर्मवरच्या त्या शब्दाला किंमतही मोजावी लागते हे विसरू नका. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशात पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदूंना होता, बाकी शिखांना १९५६ मध्ये मिळाला आणि बौद्धांना थेट १९९० मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं केंद्राच्या सवलती सोडून लोक बौद्ध लिहीत राहिले. दलित ख्रिश्चन आणि मुस्लिमांना तो अजूनही नाही. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही, त्यामुळे गोंड बाबांना हिंदू लिहिलं काय आणि गोंडी लिहिलं काय, एक रुपयाचा फरक पडणार नव्हता. तरी त्यांना ते नीट लिहून हवं होतं. त्या जनगणनेत सहा धर्मांच्या बाहेरचं नाव सांगणारे देशात जवळपास ७९ लाख निघाले, त्यात एकट्या सरना धर्माचे ४९ लाखांच्या वर, बहुतेक झारखंड आणि आसपासचे आदिवासी. एवढ्या लोकांसाठी फॉर्मवर आकडा नव्हता.

म्हणून माझं मत असं झालंय की धर्माची व्याख्या दुसऱ्याने करू नये, ज्याचा त्याने सांगावा. पण याला एक मोठा पण आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिराची केस वाचा, १९६६ चा निकाल. हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आला तेव्हा तिथले सत्संगी कोर्टात गेले की आम्ही हिंदू नाहीच, आमचा संप्रदाय वेगळा, सबब कायदा आम्हाला लागू नाही. म्हणजे धर्म स्वतःच सांगितला, पण कशासाठी, तर माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी तो दावा फेटाळला आणि हिंदू कोण हे सांगताना टिळकांची व्याख्या घेतली, वेदांना प्रमाण मानणं, साधनं अनेक असणं आणि उपास्य देवतेचा नियम नसणं. तुम्ही वेद प्रमाण मानत नसाल तर त्या व्याख्येत बसणार नाही, पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत बसाल, कारण तिथे तुम्ही काय मानता हे कुणी विचारत नाही, आईबाप हिंदू आणि तुम्ही मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नाही एवढं पुरतं. एकच माणूस आणि दोन व्याख्या. कोण विचारतंय आणि कशासाठी विचारतंय यावर उत्तर बदलतं, हे मला या सगळ्यातून कळलं.

महात्मा फुल्यांनी आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या पुस्तकात, जे ते गेल्यावर १८९१ मध्ये छापलं गेलं, एक घर कल्पलंय. त्या घरात आई बौद्ध झालीय, बाप ख्रिश्चन, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, म्हणजे फुल्यांनीच मांडलेल्या सार्वजनिक सत्यधर्माचा, प्रत्येकाने ग्रंथ वाचून आपापलं ठरवलंय, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात, कुणी कुणाचा द्वेष करत नाही. दीडशे वर्षं होऊन गेली त्या माणसाने सत्यशोधक समाज काढला त्याला, आणि असं एकही घर मी अजून बघितलं नाही. बघायची फार इच्छा आहे.

आता तुमचं. आजोबांची वारी आणि तुमचं न मानणं यात तुम्हाला जेवढी दरी दिसते तेवढी मला दिसत नाही. ते वाटेत अनोळखी माणसाच्या पाया पडायचे, मिळेल ते वाटून खायचे, तेवढं जरी तुम्ही ठेवलं असेल तर त्यांच्या धर्मातलं बरंच तुमच्यात आलंय. फॉर्मवर हिंदू लिहायचं असेल तर लिहा, त्यात खोटं नाही, ती तुमच्या घराची ओळख आहे. आणि नसेल लिहायचं तर तोही हक्क आहे. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने असा निकाल दिलाय. ख्रिस्ताला मानणाऱ्या पण कुठलाच धर्म न लावणाऱ्या लोकांना सरकारी छापखान्याने गॅझेटमध्ये तशी नोंद करायला नकार दिला होता, कोर्टाने सांगितलं की घटनेच्या कलम २५ मधल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात धर्म नाही असं सांगण्याचं स्वातंत्र्यही येतं आणि सरकार कुणाला धर्म लावायची सक्ती करू शकत नाही.

फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा लोकसंख्येची मोजणी आहे, या वेळी मोबाईलवर, जातीसकट. माझी ड्युटी लागली तर मी विचारूनच लिहीन. तुमच्या दारात जो कोणी येईल तो दिवसभराचा थकलेला असेल आणि नाव ऐकूनच धर्माचा रकाना भरून मोकळा होईल, म्हणून त्याला पाणी द्या आणि काय टाकलंय ते एकदा वाचून दाखवायला सांगा.