'संशोधन': हिंदीत दुरुस्ती, मराठीत अभ्यास, हे कसं?

प्रश्न असा आहे: हिंदी बातम्यांत 'संविधान संशोधन' म्हणजे घटनेत केलेला बदल, आणि मराठीत 'संशोधन' म्हणजे प्रयोगशाळेत नाहीतर दप्तरखान्यात बसून केलेला अभ्यास. शब्द एकच, तोही सरळ संस्कृतातून घेतलेला. मग बरोबर कोण? आणि 'शोध' हा सुटसुटीत शब्द हाताशी असताना मराठीला त्याच्यामागे 'सं' लावायची गरज का पडली?

संस्कृतच्या बाजूनं पाहिलं तर हिंदीचा अर्थ मुळाला जास्त जवळचा आहे. पण मराठीचा अर्थही भलतीकडून आलेला नाही. तो त्याच मुळातून निघाला आहे आणि त्यानं मुळातली फार मोलाची गोष्ट जपली आहे, असं माझं मत आहे.

मूळ धातू 'शुध्', शुद्ध होणे. त्याचं प्रयोजक रूप 'शोधय्', शुद्ध करणे. त्यावरून 'शोधन', आणि 'सम्' लागून 'संशोधन', म्हणजे नीट, पूर्णपणे शुद्ध करणे. अमरकोशात केरसुणीला 'संमार्जनी' आणि 'शोधनी' अशी दोन नावं दिली आहेत. ही शोधनी काही हुडकत नाही, झाडून स्वच्छ करते. 'ऋणशोधन' म्हणजे कर्ज फेडून मोकळं होणं. बंगालीत आजही देणं 'शोध' करतात म्हणजे फेडतात. यात शोधाशोध कुठेच नाही. मग ती आली कशी? तांदूळ निवडायला बसलेला माणूस तांदूळ स्वच्छ करत असतो की खडे शोधत असतो? दोन्ही एकच काम आहे. साफ करायचं तर मळ कुठे आहे हे आधी पाहावं लागतं. पालीतल्या 'सोधेति' या क्रियापदालाही स्वच्छ करणे आणि तपासणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत 'शोधणे' पुढे हुडकण्यासाठीच रूढ झालं. मनाच्या श्लोकांत रामदास 'विचारें मना तूंचि शोधोनि पाहें' म्हणतात, तेव्हा तिथे मन धुवायची गोष्ट नाही, तपास करायची आहे. सतराव्या शतकातल्या मराठीत हा अर्थ इतका सहज होता.

म्हणजे साधा 'शोध' शुद्धीपासून सुटा झाला. 'संशोधन' मात्र जाणत्यांच्या वापरात राहिलं आणि तिथे शुद्धी टिकून राहिली. कोणते जाणते, ते पाहण्यासारखं आहे.

पहिले वैद्य. आयुर्वेदात 'संशोधन' हा पारिभाषिक शब्द आहे. उपचाराच्या दोन मोठ्या वाटा: शमन आणि शोधन. शमनात बिघडलेला दोष जागच्या जागी शांत करायचा, शोधनात तो शरीराबाहेर काढून टाकायचा. वमन (ओकारी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा), नस्य (नाकातून औषध) यांसारखी पंचकर्मं संशोधनात मोडतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात म्हटलं आहे:

दोषाः कदाचित् कुप्यन्ति जिता लङ्घनपाचनैः ।
जिताः संशोधनैर्ये तु न तेषां पुनरुद्भवः ॥

लंघन आणि पाचन यांनी जिंकलेले दोष केव्हातरी पुन्हा उसळतात, पण संशोधनानं जिंकलेले दोष परत उद्भवत नाहीत. वैद्यकातल्या दाव्याची चर्चा बाजूला ठेवू. भाषेच्या दृष्टीनं हा श्लोक फार बोलका आहे, कारण 'वरवर शांत करणं' आणि 'मुळापासून काढणं' यांतला भेद दाखवायला इथे नेमका 'संशोधन' हा शब्द वापरला आहे.

दुसरे रसवैद्य, म्हणजे पारा आणि खनिजांपासून औषधं करणारे. पारा, गंधक, वत्सनाभ (बचनाग हे विषारी मूळ) असलं काहीही औषधात घालण्याआधी त्याचं शोधन करावं लागे. पाऱ्यावरच्या आठ संस्कारांत 'पातन' हा एक. पारा तापवून त्याची वाफ करायची आणि ती निववून पारा पुन्हा गोळा करायचा. आज रसायनाच्या वर्गात यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. पाऱ्यात मिसळलेले शिसं आणि कथील, म्हणजे रसग्रंथांतले नागदोष आणि वंगदोष, त्यानं मागे राहतात.

तिसरे पंडित, आणि मराठीपुरते सगळ्यांत महत्त्वाचे हेच. महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम संस्था काढली. तिथून निघालेल्या संस्कृत ग्रंथांचं मुखपृष्ठ उघडून पाहा: हे पुस्तक अमुक पंडितांनी 'संशोधितम्' असं छापलेलं दिसेल. इथे संशोधन म्हणजे काय होतं? गावोगावच्या पोथ्या मिळवायच्या, शेजारी शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून पाहायची, नकलकारांच्या हातून शिरलेल्या चुका ओळखायच्या, शुद्ध वाटेल तो पाठ वर घ्यायचा आणि बाकीचे पाठभेद तळटीपेत द्यायचे. शब्दाचा अर्थ अजून 'शुद्ध करणे' हाच आहे, पण काम पाहिलं तर पुरावा गोळा करणं, तुलना करणं, निर्णय करणं आणि न पटलेला पुरावाही वाचकापुढे ठेवणं. याला आपण आज संशोधनच म्हणू. मराठीतला आजचा अर्थ याच जागी तयार झाला असावा असं मला वाटतं. शब्द तोच राहिला, लक्ष तेवढं फळावरून प्रक्रियेकडे सरकलं.

पुण्याच्या त्याच वातावरणात वि. का. राजवाडे आणि सरदार खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मधला. ही मंडळी वाडे, देवघरं, कुलकर्ण्यांची दप्तरं धुंडाळत होती, पण कागद सापडला की काम संपलं असं त्यांनी मानलं नाही. कागद खरा की बनावट, तारीख जुळते का, नकल आहे की अस्सल, हे ठरवणं हा कामाचा मोठा भाग होता. म्हणून 'शोधक' न म्हणता 'संशोधक' म्हणणं अगदी नेमकं होतं. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचं उदाहरण घ्या. बखरींतून शके १५४९ ची, म्हणजे १६२७ ची वैशाखातली तिथी चालत आली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. पुढे परमानंदाच्या शिवभारतानंही त्याच तिथीला पुष्टी दिली. शकावली मिळाली हा शोध. ती जुन्या साधनांशी ताडून तिथी दुरुस्त झाली, ते संशोधन. हिंदीतला अर्थ आणि मराठीतला अर्थ इथे एकाच कृतीत सापडतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं महाभारताच्या पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरवण्याचं काम तर याचा कळस आहे. १९१९ मध्ये सुरुवात, विष्णू सीताराम सुखठणकरांनी १९२५ पासून घालून दिलेली शिस्त, आणि १९६६ मध्ये पूर्तता. त्या आवृत्तीला मराठीत 'चिकित्सक आवृत्ती' म्हणतात, आणि हाही शब्द वैद्यकातलाच. हिंदीत 'चिकित्सक' म्हणजे डॉक्टर, मराठीत 'चिकित्सक' म्हणजे प्रत्येक गोष्ट तपासून घेणारा माणूस. 'संशोधन' आणि 'चिकित्सा' हे दोन्ही वैद्यकात मुरलेले शब्द मराठीनं ज्ञानाच्या तपासणीला लावावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता 'शोध' आणि 'संशोधन' यांतला फरक. 'शोध' या एका शब्दावर मराठीनं तीन कामं टाकली आहेत आणि ती क्रियापदानं वेगळी केली आहेत: पोलीस शोध घेतात, पत्ता सापडला की शोध लागतो, आणि शास्त्रज्ञ शोध लावतात. ग्रॅहम बेलनं टेलिफोनचा शोध लावला आणि रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणातल्या परिणामाचा शोध लावला, इथे नवं बनवणं आणि असलेलं उघड करणं यांत आपण फरक करत नाही. हिंदीत 'आविष्कार' आणि 'खोज' असे दोन शब्द आहेत. आपला 'आविष्कार' मात्र कलेकडे गेला. ही मराठीची उणीव आहे, हे मान्य करायला हवं.

पण भौतिकशास्त्रातल्या शोधालाही संशोधन लागतं. कोकणात, आणि पुष्कळदा लेखांतही सांगतात की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. त्या दिवशी ग्रहण झालं आणि भारतातून दिसलं हे खरं. ते पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियेर जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होते आणि २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहण नसतानाच त्यांनी तिथून सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशी जुळत नव्हती. त्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली, ग्रीक 'हेलिऑस' म्हणजे सूर्य यावरून नाव पडलं, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना ते पृथ्वीवर, क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून मिळालं. लॉकियर विजयदुर्गला आले हेही खरं, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि तीस वर्षं गळून गेली. विजयदुर्गाला ग्रहणनिरीक्षणाचा खरा इतिहास आहे, त्याला उसन्या तारखेची गरज नाही. हेलियमचा शोध वर्णपटातून लागला. या हकिकतीचं संशोधन म्हणजे तिच्यात शिरलेली चूक वेगळी काढणं.

शेजारच्या भाषांकडे पाहिलं की मराठी एकटी नाही हे कळतं. गुजरातीत आपल्यासारखंच 'संशोधन', कन्नडमध्ये 'संशोधने', तेलुगूत 'परिशोधन'. बंगाली आणि मल्याळम यांनी 'गवेषणा' घेतला, ज्याची व्युत्पत्ती हरवलेल्या गाई शोधण्यापर्यंत नेतात. बंगालीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्तीच, आणि पश्चिम बंगालात तुरुंगाला 'संशोधनागार' म्हणतात! हिंदीनं अभ्यासासाठी 'अनुसंधान' आणि 'शोध' ठेवले. म्हणून एकच संस्था मराठीत 'टाटा मूलभूत संशोधन संस्था' आणि हिंदीत 'टाटा मूलभूत अनुसंधान संस्थान' होते.

वापराबद्दल माझं म्हणणं असं. मराठीत कायद्यातल्या बदलाला 'संशोधन' म्हणू नये. 'घटनादुरुस्ती', 'सुधारणा विधेयक' हे शब्द रुळलेले आहेत, आणि हिंदीवरून घाईनं केलेल्या बातमीत 'संशोधन विधेयक' आलं की मराठी वाचक अडखळतो. 'शोधनिबंध' आणि 'शोधप्रबंध' पूर्ण मराठी झाले आहेत, ते बदलायचं कारण नाही. 'सत्यशोधक' तर १८७३ पासून, महात्मा फुल्यांनी समाज स्थापन केल्यापासून, आपल्या रक्तात आहे. 'शोधार्थी' मात्र अलीकडे हिंदीतून आला. त्याला मी चूक म्हणणार नाही, पण विद्यापीठाच्या अर्जावर 'संशोधक विद्यार्थी' लिहिलेलं मला जास्त पटतं.